कोरड्या तळ्यातला पंप

१९८६ सालचा मार्च. तारीख अठरा, वार मंगळवार. जागा नेवाडातलं एक कोरडं तळं. तळ्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की लोक बघायला जातात.

मी आर्लीन. आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. या वयात म्हातारीला काहीबाही आठवतं, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या शर्टाचं कितवं बटण तुटलं होतं, तेही मला आठवतं. जे झालं ते भर दुपारी झालं आणि आम्ही तिघंही जागे होतो.

तिघं म्हणजे मी, माझा नवरा ड्वेन आणि त्याचे वडील हार्लन. त्यांना सगळे पॉप म्हणायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले. आमच्याकडे म्हणजे आमच्या मोटरहोममध्ये. आयोवातलं घर विकून आम्ही तीन वर्षं त्या गाडीतच राहत होतो. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, उन्हाळा उत्तरेकडे एखाद्या जंगलातल्या तंबूंच्या तळावर. तळ सांभाळायचा, लाकडं द्यायची, लोकांच्या चुली विझल्या की नाही ते बघायचं.

फार छान दिवस होते ते. सत्तावीस फुटांचं घर, पण अंगण रोज नवं.

अशा घरात भांडणं होतात ती पाण्यावरून. वीज नसली तरी महिना निघतो. पाणी मोजूनच वापरावं लागतं. ड्वेन एका पातेल्यात आंघोळ करायचा आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

पॉप म्हणायचे, "लहानपणी याला आंघोळ घालायला दोन माणसं लागायची. एक धरायला, एक ओतायला. आता बघ, मांजरासारखा स्वतःच पुसून घेतो."

"पॉप, तुम्ही दाढीला जेवढं पाणी घेता ना, तेवढ्यात माझी आंघोळ होते," ड्वेन म्हणायचा.

असे ते दोघं. दिवसभर चिडवाचिडवी चालायची.

त्या वर्षी आम्ही उत्तरेकडे निघालो आणि वाटेत आमचा पाण्याचा पंप बंद पडला. हा पंप टाकीतलं पाणी नळापर्यंत ढकलतो. नळ उघडला की घर्र करून सुरू होतो, नळ बंद केला की थांबतो. तो गेला म्हणजे टाकीत पाणी असून नळ कोरडे. दुकान दीडशे मैलांवर.

आम्ही त्या तळ्याच्या कडेने जात होतो. तिथे एक जुना ट्रेलर उभा होता. छोटासा, ॲल्युमिनियमचा. चाकं मातीत रुतलेली, पडदे उन्हाने पांढरे पडलेले. बेवारस होता, बघूनच कळत होतं.

आमच्या फिरस्त्या लोकांत एक रीत होती. बेवारस गाडीतला एखादा भाग काढून घेतला तर ती चोरी नाही. पण पायरीवर काहीतरी ठेवून यायचं. शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी, तारेचं भेंडोळं, अगदीच काही नसलं तर आगपेटी. मागून येणाऱ्याला उपयोगी पडतं.

ड्वेन आत गेला. वीस मिनिटांनी पंप घेऊन बाहेर आला. जरा घाईतच आला.

"चालू वाटतोय. नशीब!"

"ठेवलंस काय?" पॉपनी विचारलं.

"काही नाही. तिथे कोण बसलंय घ्यायला?"

 ते पॉपना आवडलं नाही, हे मी पाहिलं.

ड्वेनने गाडी तळ्याच्या मध्यावर नेली. कोरड्या तळ्याची जमीन फरशीसारखी सपाट असते, मुक्कामाला त्यासारखी जागा नाही. ट्रेलरपासून अर्धा मैल लांब आलो असू. संध्याकाळपर्यंत त्याने पंप बसवला. नळ उघडला... पाणी आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाकी चाळीस गॅलनची होती. आत जेमतेम दहा गॅलन होतं. पुढच्या गावात भरू, उगाच वजन कशाला ओढा, असा ड्वेनचा हिशेब.

रात्री पाऊस आला. सकाळी दार उघडलं तर चारी बाजूंना राखाडी चिखल.

तो साधा चिखल नव्हता. खारट, पांढरट, लोण्यासारखा. ड्वेन पायरीवरून उतरला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. बूट तिथेच राहिला. गाडीची चाकं अर्धी बुडलेली. खड्ड्यांतून पाणी साचलं होतं, पण जिभेला लावलं तरी कडू. पिणं शक्यच नव्हतं. मदत मागायच्या रेडिओवर नुसती खरखर. उत्तरेकडचे लोक आमची वाट दहा दिवसांनी बघायला लागणार होते.

"सुकेल दोन-तीन दिवसांत," ड्वेन म्हणाला.

"मग पत्ते काढ," पॉप म्हणाले.

त्या बुधवारी दुपारी आम्ही पत्ते खेळत होतो. तिघंही टेबलाशी.

आणि पंप सुरू झाला.

घर्र...

कुठलाही नळ उघडा नव्हता.

घर्र... आणि थांबला.

ड्वेनने पत्ते खाली ठेवले. "कुठेतरी गळतंय."

यात घाबरण्यासारखं काही नसतं. नळीत पाणी दाबून भरलेलं असतं. कुठे थेंब गळला की दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो. पण गळतीने पंप एखादा सेकंद कुरकुरतो, बस. हा बराच वेळ चालला होता.

ड्वेनने बिजागऱ्या काढल्या, फळ्या काढल्या. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा सांधा पाहिला, न्हाणीतला पाहिला. संडासाच्या पायाने दाबायच्या पट्टीचा व्हॉल्व्ह. गरम पाण्याच्या टाकीचा. बाहेरून पाणी जोडायचं तोंड. प्रत्येक सांध्याखाली मी पातळ कागद ठेवला. थेंब पडला तर कागदाला कळेल.

तासाभराने पुन्हा... घर्र...

या वेळी मी घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद.

सगळे कागद कोरडे.

पुन्हा तासाने. अकरा सेकंद. कागद कोरडे.

मला एक गोष्ट सुचली आणि ती सुचली नसती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. मी ओट्यावरचा पेला घेतला. नळाखाली धरला आणि घड्याळ बघत तो काठोकाठ भरला.

अकरा सेकंद.

मी ड्वेनला सांगितलं नाही. पॉपनाही नाही. ते पाणी मी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पंप अर्ध्या अर्ध्या तासाने चालायला लागला. मग पाव तासाने. टाकीत किती पाणी आहे ते दाखवणारे चार दिवे भिंतीवर असतात. त्यातला खालून दुसरा सकाळी विझला. आता एकच उरला होता.

ड्वेनने पंपाचं बटण बंद केलं. "आता लागेल तेव्हाच चालू करायचं."

अर्धा तास शांतता. तो मागच्या पलंगावर आडवा झाला. मी दाराशी बसून चिखलाकडे बघत होते. पॉप सिंकपाशी उभे होते, चष्मा पुसत.

घर्र...

ड्वेन धावत आला. बटण बंदच होतं. सिंकशी पॉप.

"पॉप, काय करताय?"

"चष्मा पुसतोय."

"बटण दाबलंत ना?"

"मी कशाला दाबू?"

"तुम्हाला आठवत नाही, पॉप. परवा दोनदा गोळ्या घेतल्यात, तेही आठवत नव्हतं. तहान लागते, पाणी पिता, बटण बंद करता आणि विसरता."

"मला विसर पडतो. खोटं नाही बोलत मी."

"मग पाणी जातंय कुठे? मी सगळी गाडी उघडली! आर्लीन नाही, मी नाही. उरलं कोण?"

त्या म्हाताऱ्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते रागावले नाहीत. चष्मा लावला. आपल्या जागेवर जाऊन बसले.

"तुझं पाणी तुला लखलाभ, लेका," ते म्हणाले. "मी आता एक थेंब घेणार नाही. मग मोज."

आम्हाला वाटलं, तासाभरात निवळतील. निवळले नाहीत. संध्याकाळी मी पेला नेला, त्यांनी तोंड फिरवलं. रात्री नेला, झोपेचं सोंग घेतलं. ड्वेनचा हट्ट त्यांच्याकडूनच आला होता, तो कुठे जाणार?

"जाऊन माफी माग," मी ड्वेनला म्हटलं.

"कशाची? आधी त्यांनी कबूल करावं."

आणि पंप चालतच होता.

शुक्रवारी सकाळी पॉपचे ओठ फुटले होते. जीभ टाळूला चिकटत होती, शब्द नीट निघत नव्हते. हृदयाच्या गोळ्या त्यांनी कोरड्याच गिळल्या. आणखी एक दिवस असाच गेला तर हे टिकणार नाहीत, हे मला दिसत होतं. बाहेर चिखल तसाच. गाडीत आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता बसलेलो. तेवढ्याशा जागेत न बघता बसणंही कठीण असतं.

दुपारी बारा वाजता ड्वेन उठला. त्याने फ्यूज काढला. फ्यूज काढला म्हणजे पंपाला वीजच नाही. तो त्याने आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला. मग पंपाच्या पुढची नळीही सोडवून तिच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली.

"आता चला सगळे बाहेर," तो म्हणाला. "एकदाच सोक्षमोक्ष होऊ दे."

गाडी सपाट उभी करायला चाकांखाली घालायच्या चार फळ्या आमच्याकडे होत्या. त्या त्याने पायरीसमोर चिखलावर टाकल्या. पॉपना आम्ही दोघांनी धरून घडीच्या खुर्चीत बसवलं. मी त्यांच्या शेजारी. ड्वेन पायरीवर, दार लोटून. गाडीत कोणी नाही. लख्ख ऊन. वारा बोचरा.

पाच मिनिटं.

दहा मिनिटं.

ड्वेन पॉपकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर ते 'बघा, म्हटलं नव्हतं का' आलं. तो तोंड उघडणार...

आत नळ फिरल्याचा आवाज आला. आमचा स्वयंपाकघरातला नळ फिरवताना कर्रकन वाजायचा. तोच.

कर्र...

घर्र...

आम्ही तिघंही बाहेर होतो. ड्वेनने खिशावर हात दाबला. फ्यूज खिशातच होता.

मी मोजत होते. मोजायचं नव्हतं, तरी मोजत होते. नऊ. दहा. अकरा.

कर्र. नळ बंद.

आणि मग... ओट्यावर पेला ठेवल्याचा आवाज.

हळूच ठेवलेला. कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून ठेवतात ना, तसा.

 पळायला जागा नव्हती. चारी बाजूंना नुसता चिखल आणि आसऱ्याला हे एकच दार. मला वाटलं, आपण या फळ्यांवरच मरणार.

"ड्वेन," पॉप म्हणाले. आवाज कागदासारखा. "त्या ट्रेलरमध्ये तू काय पाहिलंस?"

 ड्वेन दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला.

"टाकी भरलेली होती, पॉप," तो म्हणाला. "काठोकाठ. स्वच्छ पाणी. मला वाटलं, पाऊस शिरला असेल. आणि सिंकशेजारी एक पेला पालथा घातलेला..."

"मग?"

"ओला होता. मी हात लावून बघितला. आत्ताच विसळल्यासारखा. मी पंप घेतला आणि निघालो."

"म्हणजे तिच्याकडे पाणी आहे आणि ते घ्यायची सोय तू उचलून आणलीस," पॉप म्हणाले.

ते 'तिच्याकडे' म्हणाले. कशावरून म्हणाले, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

ड्वेन उठला. मी नको नको म्हणत असताना तो त्या गाडीत गेला. आतून पान्याचे आवाज येत राहिले. पंप घेऊन बाहेर आला. गाडीखाली वाकून त्याने टाकीचं तळाचं बूच उघडलं. मी किटली धरली. निम्मीसुद्धा भरली नाही. तेवढंच उरलं होतं, आणि त्यात गाळ.

त्याने दोन फळ्या बुटांना दोरीने बांधल्या. पंप गळ्यात अडकवला. पाच गॅलनचा रिकामा कॅन पाठीला.

"कॅन कशाला?" मी विचारलं.

"टाकी भरलेली आहे, म्हटलं ना."

"वेडा आहेस का? ते पाणी..."

"पॉपकडे बघ, आर्लीन."

मी बघितलं. आणि कॅनची दोरी घट्ट बांधली.

अर्धा मैल चालायला त्याला दोन तास लागले. चार पावलं टाकायची, फळी उपसून काढायची, पुन्हा चार पावलं. मी दुर्बिणीतून बघत होते. दोनदा तो कमरेपर्यंत गेला. दोनदा वर आला. शेवटी ट्रेलरचं दार उघडून तो आत गेला.

आमच्यामागे आमची गाडी उघडी होती. आत एकही आवाज नव्हता. घरातलं कोणी गावाला गेलं की घर जसं शांत होतं, तसं.

"गेली," पॉप म्हणाले.

ड्वेन बाहेर येईना. तीन वाजले. साडेतीन. मी दुर्बीण खाली ठेवली नाही, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी.

चार वाजता तो बाहेर आला. पाठीवरचा कॅन भरलेला होता.

परत पोहोचेपर्यंत सूर्य टेकला होता. तो नखशिखान्त पांढरा झाला होता त्या खाऱ्या चिखलाने. कॅन खाली ठेवला आणि फळ्यांवर गुडघे टेकून बसला.

"पंप बसवला," तो म्हणाला. "तिथे बॅटरी नाही. तारा कुरतडलेल्या आहेत. कशालाच काही जोडलेलं नाही. मी नुसता बसवला, आणि तो चालला. नळ आपोआप उघडला, पॉप. मी कॅन खाली धरला. भरेपर्यंत चालला... भरला तसा थांबला."

"पायरीवर काही ठेवलंस?"

"माझं घड्याळ."

मग त्याने पेला भरला. दोन्ही हातांनी धरून आपल्या बापापुढे केला. 

"चुकलो, पॉप. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं. त्या ट्रेलरचं नाव काढायला नको म्हणून तुमचं नाव घेतलं."

पॉपनी त्याच्याकडे बघितलं. मग पेल्याकडे. पाणी इतकं स्वच्छ होतं की पेला रिकामाच वाटत होता.

"बावळट आहेस," ते म्हणाले. आणि प्यायले.

मग मी प्यायले. खोटं कशाला सांगू, तसं गार, गोड पाणी मी जन्मात प्यायले नव्हते. ड्वेनने मात्र एक थेंब घेतला नाही. किटलीतला गाळ गाळून आणि डब्यातल्या पीचचा रस पिऊन त्याने तीन दिवस काढले. मी किती विनवलं. "मला नको," एवढंच म्हणायचा.

सोमवारी चिखलावर पापुद्रा धरला आणि रस्त्याचं काम करणारा लायल नावाचा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने आम्हाला ओढून काढलं. ट्रेलरजवळ तो दोर सोडत असताना मी त्याला सहज म्हटलं, त्यातलं पाणी मिळालं म्हणून वाचलो.

तो हसला. "त्यातलं? बाई, त्या ट्रेलरला टाकीच नाहीये. मेंढपाळांनी काढून नेली, मेंढ्यांना पाणी पाजायला. वीस वर्षं झाली असतील."

"आणि कोण राहायचं तिथे?"

"कोणी नाही. निदान सापडलं तरी कोणी नाही."

ड्वेनने गाडी सुरू केली. मागे वळूनही बघितलं नाही.

आमचं ते मोटरहोम आम्ही त्याच वर्षी यूटातल्या एका जोडप्याला विकलं. नळ्या एकदम ठणठणीत आहेत, असं मी त्यांना सांगितलं. ते खरंच होतं. लायल काही वर्षं नाताळला पत्र पाठवायचा, मग पत्रं थांबली.

ड्वेन १९९० मध्ये गेला. त्या चार वर्षांत त्याच्या हाताशी कायम पाण्याची बाटली असायची. रात्रीतून सहा-सात वेळा उठायचा. डॉक्टरांनी साखर तपासली, मूत्रपिंडं तपासली, काही सापडलं नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशीही तो पाणीच मागत होता. नर्स देत होती, तो पीत होता, आणि पुन्हा मागत होता.

पॉप चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन गेले. मुलगा गेल्यावरही बारा वर्षं जगले, माझ्याजवळच. कपडे स्वतः धुवायचे, पत्त्यांत मला हरवायचे. त्या सोळा वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकदाही पाणी मागितलं नाही. मी दिलं तर प्यायचे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. एकदाच, अगदी शेवटी शेवटी, त्यांनी मला विचारलं होतं, "पोरी, तुलाही नाही ना?"

मी मान हलवली.

मी आता बॉइसी शहरात भाचीच्या घराजवळ राहते. दुसरा मजला, चांगली खोली. डॉक्टर म्हणतात, तुमच्या वयाची इतकी धडधाकट बाई आम्ही बघितली नाही. दिवसाला सहा पेले पाणी प्यायचं, असं त्यांनी कागदावर लिहून दिलंय. मी घड्याळ बघून पिते. भाची म्हणते, उन्हातून आलीस, आधी पाणी पी. मी पिते. तिच्यासमोर हुश्श म्हणते.

पण खरं सांगते, एकोणचाळीस वर्षं झाली...

मला तहान लागलेली नाही.